खारपाणपट्ट्यातून पाहिलेला ओशनसॅट

भातकुली तालुक्यात विहीर खणली की पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा अशा तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. 1930 साली अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला असल्याच खाऱ्या विहिरींच्या पाण्यातून मीठ काढून कायदेभंग झाला. वऱ्हाडाला त्यासाठी समुद्रकिनारा गाठावा लागला नाही. कधीकाळी इथे समुद्र होता, असं जुनी माणसं सांगतात. भूशास्त्रज्ञांचं त्यावर एकमत नाही. आजचा समुद्र मात्र सरळ रेषेतसुद्धा सुमारे पाचशे किलोमीटर लांब आहे.

तरीही इथल्या पऱ्हाटीचं आणि तुरीचं नशीब समुद्रच ठरवतो. विहिरीचं पाणी पिकाला देत राहिलं तर काळी जमीन चोपण होते, म्हणून सगळी भिस्त पावसावर. विदर्भाच्या पावसाचा मोठा वाटा बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या क्षेत्रांचा असतो. ती ओडिशा आणि छत्तीसगड ओलांडून इकडे सरकतात. तिकडे समुद्रावर वारा कुठल्या दिशेनं आणि किती जोरानं वाहतोय हे कळलं, तर इकडची उघाड किती लांबेल याचा अदमास बांधता येतो. समुद्रावर नजर ठेवणाऱ्या उपग्रहांची कुळकथा भातकुलीत बसून सांगण्याचं कारण हेच. आपल्याकडे हे उपग्रह मच्छीमारांचे समजले जातात. त्यांच्या घराण्याचा मूळ पुरुष पाहिला तर पावसाशीच नातं जास्त जवळचं निघतं.

समुद्रासाठी म्हणून खास बांधलेला पहिला मोठा उपग्रह अमेरिकेचा सीसॅट. जून 1978 मध्ये तो वर गेला आणि जेमतेम साडेतीन महिन्यांत विजेच्या बिघाडानं बंद पडला. तेवढ्यात त्यानं रडारनं समुद्रावरचा वारा आणि लाटा मोजता येतात हे दाखवून दिलं. पुढे जगभर जे झालं ते या अल्पायुषी उपग्रहाच्या पुण्याईवर.

आपला मूळ पुरुष वर्षभरानं आला. 7 जून 1979 ला सोव्हिएत अग्निबाणानं भास्कर-1 नेला. नाव दोन गणिती भास्करांवरून: एक सातव्या शतकातला, दुसरा लीलावतीचा कर्ता. हा दुसरा आपल्या शेजारचा. त्याचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला. तिथला तसा शिलालेख एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

भास्करवर दोन कॅमेरे होते, जमीन पाहण्यासाठी. शिवाय अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात बनवलेलं ‘समीर’ नावाचं सूक्ष्मलहरी उपकरण होतं, ते समुद्रासाठी. झालं असं, की उच्च दाबाच्या विजेच्या अडचणीमुळे कॅमेरे सुरुवातीला चालूच करता आले नाहीत. ‘समीर’ मात्र आल्यापासून कामाला लागला. समुद्रावरच्या हवेत वाफ किती, ढगात पाणी किती, हे तो टिपत होता. वाफ म्हणजे उद्याचा पाऊस. नोव्हेंबर 1981 मध्ये धाकटा भाऊ भास्कर-2 गेला, त्याच्यावरही ‘समीर’ होता.

मग बरीच वर्षं भर जमिनीवर राहिला. पिकं, जंगलं, पाणलोट पाहणारे उपग्रह एकामागून एक गेले. ते योग्यच होतं, पण समुद्राची पाळी यायला 26 मे 1999 उजाडला. त्या दिवशी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी2 नं ओशनसॅट-1 नेला. सोबत कोरियाचा आणि जर्मनीचा एकेक छोटा उपग्रह. ओशनसॅट-1 वर समुद्राचा रंग आठ पट्ट्यांत पाहणारा कॅमेरा होता. पाण्यात सूक्ष्म वनस्पती वाढल्या की रंग हिरवट होतो आणि त्यामागे मासळी येते. सातपाटीपासून वेंगुर्ल्यापर्यंत मासळीच्या जागांचा जो सल्ला हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राकडून जातो, त्यात या रंगाचा मोठा हात आहे.

भातकुलीच्या कामाचं उपकरण मात्र पुढच्या पिढीत आलं. 23 सप्टेंबर 2009 ला गेलेल्या ओशनसॅट-2 वर वारा मोजणारा स्कॅटरोमीटर होता. याची युक्ती नीट समजून घेण्यासारखी आहे. हा वारा पाहतच नाही, पाणी पाहतो. वारा सुटला की समुद्राच्या पाठीवर अगदी बारीक लहरी उठतात, शेततळ्यावर झुळूक आली की उठतात तशाच. उपग्रहावरची गोल फिरणारी तबकडी खाली सूक्ष्मलहरी सोडते. पाणी गुळगुळीत असेल तर त्या पलीकडे निसटतात. लहरी उठल्या असतील तर काही परत येतात. किती परत आल्या यावरून वाऱ्याचा वेग कळतो. एकच जागा वेगवेगळ्या बाजूंनी पाहिली की दिशाही कळते. ढग असोत, रात्र असो, काम थांबत नाही. मुसळधार पाऊस मात्र याला चकवतो, आणि ऐन वादळात तोच असतो.

योगायोग असा, की ओशनसॅट-2 वर गेल्यावर दोनच महिन्यांनी अमेरिकेचा वारा मोजणारा क्विकस्कॅट थकला, आणि जगातल्या हवामान संस्था आपल्या आकड्यांकडे वळल्या. ऑक्टोबर 2013 मध्ये फायलीन वादळ ओडिशाकडे येताना त्याच्यावर नजर ठेवायलाही हेच आकडे कामी आले. 2014 च्या सुरुवातीला हे उपकरण बंद पडलं. सप्टेंबर 2016 मध्ये स्कॅटसॅट-1 जाईपर्यंत घरचं असं दुसरं नव्हतं. अडीच वर्षांचा हा खंड परवडणारा नव्हता, असं माझं मत आहे. 26 नोव्हेंबर 2022 ला ओशनसॅट-3 गेला. त्यावर तेरा पट्ट्यांचा कॅमेरा, पाण्याचं तापमान मोजणारं उपकरण आणि नवा स्कॅटरोमीटर, असं सगळं एकत्र आहे.

एवढं असूनही उपग्रह समुद्रावरचा वारा मोजतो तो पंचवीस-पन्नास किलोमीटरच्या चौकटींत. पेढी नदीच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे कोरडं, हे तो सांगू शकणार नाही. म्हणून शेतकरी भावांनो, मृग लागला एवढ्यावर तिफण काढू नका. दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला आधी पाहा, आणि आपल्याच शिवारात 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा. खाऱ्या विहिरीवर दुबार पेरणी वाचत नाही.