मर्यादित वेळेचे भोजन (रायगड किनारा)

दिवसभराचे खाणे आठ ते दहा तासांत उरकून उरलेला वेळ पाण्यावर काढण्याची आहारपद्धती. ताटात काय आणि किती वाढले, यापेक्षा ते कोणत्या वेळी पुढे आले, याला इथे महत्त्व.

जेवण झाले की इन्सुलिन वाढते, साखर पेशींत शिरते आणि जादा साखरेचा काही भाग ग्लायकोजेनच्या रूपाने यकृतात साठतो. पोट बराच वेळ रिकामे राहिले की हा साठा उतरणीला लागतो आणि शरीर चरबीकडे वळते. दुसरे कारण शरीरातल्या घड्याळाचे. तोच भात सकाळी खाल्ला तर रक्तातली साखर जेवढी चढते, त्याहून रात्री जास्त चढते. रात्री वाढणारे मेलाटोनिन इन्सुलिन स्रवण्यात अडथळा आणते.

अमेरिकेतील साल्क संस्थेत मूळचे ओडिशाचे सच्चिदानंद पांडा यांच्या गटाने 2012 साली उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. चरबीयुक्त खाद्य आठच तास मिळालेले उंदीर, तेवढेच खाद्य दिवसभर चरणाऱ्यांपेक्षा सडपातळ राहिले. माणूस इतका आज्ञाधारक नाही. 2018 साली मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या आठ पुरुषांना दुपारी तीनच्या आत शेवटचे जेवण दिले, तेव्हा वजन न घटताही इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद आणि रक्तदाब सुधारला. अवघ्या आठ जणांचा हा पुरावा अर्थात तोकडाच. 2020 साली 116 जणांना दुपारी बारा ते रात्री आठ या वेळेत खायला सांगितले. वजनात दिवसातून तीन ठरलेली जेवणे घेणाऱ्यांच्या तुलनेत लक्षणीय फरक पडला नाही. 2022 साली चीनमध्ये 139 स्थूल व्यक्तींचे वर्षभर निरीक्षण झाले. वेळेचे बंधन असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही गटांचे उष्मांक कमी केलेले होते; वेळेच्या जादा बंधनाने खात्रीलायक फायदा दिसला नाही.

महाराष्ट्रात हा विषय घराघरांत पोचला तो डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्यामुळे. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेल्या दीक्षितांनी डॉ. श्रीकांत जिचकर यांचा विचार पुढे नेला: कडकडून भूक लागते तेव्हा, दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत जेवायचे. 'दर दोन तासांनी थोडे थोडे खा' सांगणाऱ्या ऋजुता दिवेकर यांच्या सल्ल्याशी त्याची तुलना लग्नाच्या पंगतीतही होऊ लागली. मात्र दीक्षितांचा भर इन्सुलिन दिवसातून किती वेळा स्रवते यावर आहे. दुपारी दोन आणि रात्री दहाला जेवणाराही त्यांचा नियम पाळतो. शरीराच्या घड्याळाच्या हिशेबात मात्र तो उशिराच जेवतो.

अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनच्या पट्ट्यात वेळेचे बंधन अनेक रूपांत दिसते. चौविहार पाळणारी जैन कुटुंबे सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. डिसेंबरात इथे सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, म्हणजे हा नियम 2018 च्या प्रयोगाच्याच दिशेचा, फक्त तितका कडक नाही. मुरुड, म्हसळा, श्रीवर्धनच्या कोकणी मुसलमान घरांत रमजानमध्ये नेमके उलटे होते: सहरी पहाटेपूर्वी, इफ्तार सूर्यास्तानंतर. त्यामुळे रोज्याचे निष्कर्ष दिवसा जेवणाऱ्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.

कोळीवाड्यांचे घड्याळ समुद्राचे. डोल जाळे पाण्याच्या ओढीवर चालते. प्रवाहाने त्याचे तोंड उघडते, ओढ मंदावली की जाळे उचलायचे. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते आणि तिच्यासोबत होडीवरची भाकरी-सुकटही. उधाणाच्या दिवसांत, जाळ्यात बोंबील-जवळा भरपूर असताना, रात्री आठनंतर तोंड बंद ठेवायला सांगणे म्हणजे कामच बंद करायला सांगणे. आहारतज्ज्ञांच्या छापील तक्त्यांत ही अडचण क्वचितच दिसते.

थळच्या खत कारखान्यासारख्या पाळ्यांमध्ये चालणाऱ्या उद्योगांतील कामगारांना दुसरा आधार आहे. सॅन दिएगोच्या अग्निशामक दलात 24 तासांची पाळी करणाऱ्या 137 जवानांवर झालेला अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. दहा तासांतच खाण्याचे बंधन त्यांना बारा आठवडे पाळता आले. ज्यांची साखर वा रक्तदाब आधीच वाढलेला होता, त्यांच्यात सुधारणाही दिसली.

इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींची साखर लांबलेल्या उपाशी वेळेत धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. त्यामुळे जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी लागते. गर्भवती आणि वाढत्या वयाच्या मुलांसाठी ही पद्धत सुचवली जात नाही.