पट्टी किती घट्ट?

धुळे-जळगावकडच्या खेड्यांत हाड मोडलं की माणूस आधी हाडवैद्याकडे जाई. अजूनही जातो. बांबूच्या कामट्या, लेप आणि वरून करकचून बांधलेली चिंधी. या वैद्यांपैकी कित्येकांच्या बोटांना हाडाची चांगली जाण असे. पण जितकं घट्ट तितकं हाड लवकर जुळतं, हा लोकांचा समज मात्र घातक.

जुन्या ग्रंथांना तो कधीच मान्य नव्हता. सुश्रुताने वड, उंबर, पळस यांच्या साली आणि वेळूच्या पट्ट्या सांगितल्या, आणि बजावलं की सैल बांधलं तर सांधा स्थिर राहत नाही, घट्ट बांधलं तर सूज, ठणका, कातडी पिकणं. थंडीत पट्टी सात दिवसांनी सोडून पुन्हा बांधा, उन्हाळ्यात तीन दिवसांनी. जळगावचा मे महिना ज्याने काढलाय, त्याला याचं कारण सांगायला नको. हकीम ज्यांना बू अली सीना म्हणत, त्या इब्न सीनाचा सल्ला आणखी धीराचा: कामट्या बांधायची घाई करू नका, पाच दिवस उलटू द्या.

१८५१ मध्ये हॉलंडच्या लष्करातले डॉक्टर मॅथायसेन यांनी सुती पट्टीत जिप्समची भुकटी चोळली. पट्टी ओली करून गुंडाळली की काही मिनिटांत दगड. क्रिमियाच्या युद्धात रशियाच्या पिरोगॉव्ह यांनी ती वापरली आणि अनेक सैनिकांचे हातपाय कापण्यापासून वाचले. पण हात सुजतो, दगड काही फुगत नाही. १८८१ मध्ये जर्मनीच्या फोल्कमान यांनी लिहिलं की घट्ट पट्टीने रक्त अडतं, स्नायू मरतात, बोटं आत वळून तशीच राहतात. हे गृहस्थ टोपणनावाने परीकथा आणि कविता लिहीत, म्हणून मला जरा जास्तच जवळचे वाटतात.

आज ताज्या मोडीवर डॉक्टर बहुधा अर्धं प्लॅस्टर घालतात, सूज उतरल्यावर पुरं. गळ्याजवळच्या हाडाला बहुतेकदा झोळी पुरते. बरगडीला प्लॅस्टर नकोच, छाती श्वासाला मोकळी हवी. मनगटाचं हाड नीट जागेवर बसलं असेल, तर मात्र प्लॅस्टरइतकं स्वस्त आणि भरवशाचं दुसरं काही नाही.

प्लॅस्टरनंतर बोटं बधिर झाली, निळी-पांढरी पडली, किंवा सरळ करताना ब्रह्मांड आठवलं, तर सकाळची वाट पाहू नका. ते लगेच कापायला हवं, आतल्या कापसासकट. रक्तावाचून स्नायू सुमारे सहा तास तग धरतो, आणि सातपुड्यातल्या पाड्यावरून धुळ्याला किंवा जळगावला पोहोचण्यातच त्यातला बराच वेळ जातो.