तालमीपासून झपझप चालीपर्यंत : वऱ्हाडातील व्यायामपरंपरा आणि ज्येष्ठांचे रक्तवाहिनी-आरोग्य

प्रस्तावना

वऱ्हाडातील व्यायामाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी सहसा तालमीच्या लाल मातीवरच खिळते. ते स्वाभाविकही आहे. परंतु या इतिहासात साठी ओलांडलेला माणूस कोठे होता, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. प्रस्तुत लेखात अमरावती-अकोला परिसरातील व्यायामपरंपरेचा त्या प्रश्नाच्या अनुषंगाने मागोवा घेतला असून, ज्येष्ठांच्या चालण्याविषयीच्या आधुनिक संशोधनाशी तिचे नाते तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

तरुणांची तालीम

१८९७ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीस भरले. दादासाहेब खापर्डे यांच्यामुळे टिळकांच्या राजकारणास येथे भक्कम आधार मिळाला. याच काळाच्या ओघात, १९१४ मध्ये, अंबादासपंत व अनंतराव या वैद्य बंधूंनी अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. जोर, बैठका, कुस्ती, मल्लखांब, लाठी हा तेथील शिक्षणाचा गाभा होता. बलवान तरुण घडला म्हणजे देश घडेल, ही त्यामागील श्रद्धा होती. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने कबड्डीसह भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली, तर १९४९ मध्ये स्टॉकहोम येथील लिंगियाडमध्येही मंडळाचे पथक सहभागी झाले. जिल्ह्याच्या गावातील एका संस्थेने युरोपपर्यंत मजल मारावी, ही गोष्ट आजही थक्क करणारी आहे.

मात्र या साऱ्या वैभवाच्या केंद्रस्थानी तरुणाचे, त्यातही प्रामुख्याने पुरुषाचे शरीर होते. म्हाताऱ्याने तालमीत यायचे ते वस्ताद म्हणून. काठावर बसून डाव सांगण्यासाठी. म्हातारी तर तेथे येण्याचा प्रश्नच नव्हता.

वृद्धांच्या वाट्याला राहिले ते चालणे. पण त्याला कोणी व्यायाम म्हटले नाही. शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी १९०५ मध्ये घर सोडले व पुढे कित्येक वर्षे गावोगाव पायी संचार केला. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी अकोल्यावरून पंढरपूरला जाते. सुमारे साडेसातशे किलोमीटरच्या या वाटेवर पिकल्या केसांचे वारकरीही चालतात. निंदणाला शेतात पायी जाणाऱ्या बाईच्या पावलांचा तर हिशेबच कोणी ठेवला नाही. ‘फिरायला जाणे’ या आपल्या शब्दप्रयोगातच विरंगुळ्याचा भाव आहे, श्रमाचा नाही.

चालण्यातील वेगाचा शोध

चालण्याचा शास्त्रीय विचार विसाव्या शतकाच्या मध्यावर सुरू झाला. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले की, लंडनच्या दुमजली बसगाड्यांतील सतत जिने चढणाऱ्या कंडक्टरांमध्ये बसून काम करणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकाराचे प्रमाण कमी होते. हालचाल हितकर हे त्यावरून ठरले. ती किती जोमाची असावी, हा प्रश्न ज्येष्ठांच्या बाबतीत शिल्लकच होता.

त्याचे एक महत्त्वाचे उत्तर जपानमधील मात्सुमोतो येथून आले. शिन्शू विद्यापीठातील हिरोशी नोसे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये २४६ मध्यमवयीन व ज्येष्ठ व्यक्तींवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी १८६ स्त्रिया होत्या, ही बाब वर उल्लेखिलेल्या तालमीच्या संदर्भात मुद्दाम नोंदविण्याजोगी आहे. एका गटाने दिवसाला किमान आठ हजार पावले मध्यम गतीने चालावीत, तर दुसऱ्याने तीन मिनिटे झपझप व तीन मिनिटे संथ अशा किमान पाच फेऱ्या आठवड्यातून चार किंवा अधिक दिवस कराव्यात, अशी योजना होती. एका गटाला चालण्याचा कार्यक्रम दिलेला नव्हता. पाच महिन्यांनंतर आलटून-पालटून चालणाऱ्यांच्या मांड्यांच्या स्नायूंची ताकद व श्वसन-रक्ताभिसरणाची क्षमता लक्षणीय वाढली, आणि त्यांचा वरचा रक्तदाब मध्यम गतीने चालणाऱ्यांपेक्षा अधिक उतरला. डेन्मार्कमधील २०१३ च्या एका लहान अभ्यासात मधुमेही रुग्णांच्या बाबतीतही, तेवढीच ऊर्जा खर्चून, सलग चालण्यापेक्षा आलटून-पालटून चालणे सरस ठरले.

याची कारणमीमांसा रक्तवाहिनीच्या अंतःस्तरात शोधावी लागते. वाढत्या वयात धमन्या ताठर होतात. वरचा रक्तदाब चढतो. भरभर चालताना रक्ताचा प्रवाह वाढतो, त्याचे घर्षण अंतःस्तरावर होते आणि तेथील पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात. त्यामुळे वाहिनी सैलावते. या वायूच्या कार्याचा उलगडा केल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अर्थात रक्तदाबातील घट म्हणजे अंतःस्तराचे प्रत्यक्ष मोजमाप नव्हे, हे भान अभ्यासकाने ठेवावयास हवे.

जुने शब्द, नवा अर्थ

श्रम आणि विश्रांती यांची ही आलटापालट आपल्याला अगदीच परकी नाही. आयुर्वेदाने निम्म्या शक्तीपर्यंतच व्यायाम करावा असे सांगून कपाळावरील घाम व कोरडे पडणारे तोंड या त्याच्या खुणा दिल्या. सुश्रुताने शरीराला पीडा न देणाऱ्या चालण्याचा स्वतंत्र विचार केला. वारीत धावा असतो, तसा विसावाही असतो. यावरून पूर्वजांना सारे ठाऊक होते असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. धावा भक्तीसाठी होता, रक्तवाहिनीसाठी नव्हे. तरीही मात्सुमोतोची पद्धत वऱ्हाडातील आजी-आजोबांना समजावताना यंत्रापेक्षा हे दोन शब्दच अधिक उपयोगी पडतील, असे वाटते. धाव्याचा अर्थ येथे पळणे असा नाही. बोलता बोलता धाप लागून वाक्य तुटावे, इतक्या वेगाने चालणे एवढाच आहे.

अमरावतीच्या वडाळी व छत्री तलावाकडे किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या परिसरात सकाळी चालणारे ज्येष्ठ मुख्यतः गप्पा मारत, एका संथ लयीत चालतात. त्यांना केवळ ‘रोज चालत जा’ असे सांगणे अपुरे आहे. दुसरीकडे, छातीत कळ येणाऱ्या, हृदयविकाराच्या किंवा गुडघे झिजलेल्या व्यक्तीने वैद्यकीय तपासणीवाचून वेग वाढविणे धोक्याचे ठरेल. ऋतूचाही विचार हवा. मात्सुमोतो डोंगरांनी वेढलेले थंड गाव आहे. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तेथील वेळापत्रक येथे जसेच्या तसे उतरविता येणार नाही. उन्हाळ्यात येथील पाच फेऱ्या सूर्य वर येण्यापूर्वीच आटोपाव्या लागतील, आणि निंदणाहून दुपारी परतणाऱ्या बाईला त्या कोणत्या वेळी सांगायच्या, याचा विचार व्यायामशास्त्राच्या अभ्यासकांना स्वतंत्रपणे करावा लागेल.