‘त्रैक्य’ : एका शब्दाची वाटचाल

धर्मशिक्षणाच्या वर्गात त्रैक्याचा धडा आला की एक प्रश्न हमखास येतो : ‘म्हणजे त्रिमूर्तीच ना?’ प्रश्न सहज असला तरी उत्तर सहज देता येत नाही. कारण तीनांच्या समूहाला नाव देणारे शब्द पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाचा आशय निराळा आहे.

आपल्या भाषेतच पाहू. ‘त्रयी’ म्हणजे ऋक्, यजुस् व साम हे तीन वेद. ‘त्रिकूट’ म्हटले की संगनमत करणारे तिघे डोळ्यांपुढे येतात. ‘त्रिमूर्ती’ म्हणजे उत्पत्ती, स्थिती व लय यांचे अधिपती ब्रह्मा, विष्णू व महेश. घारापुरीच्या लेण्यातील भव्य शिल्पालाही लोक त्रिमूर्तीच म्हणतात. परंतु अभ्यासकांच्या मते तेथे तीन देव नसून एकट्या शिवाचीच तीन मुखे आहेत. रूढ नाव असे वाट चुकवू शकते.

ख्रिस्तमंडळीलाही आपला शब्द आयता मिळाला नाही. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देण्याची आज्ञा शास्त्रात आहे (मत्तय २८:१९). मात्र तिघांचे मिळून एक नाव तेथे नाही. उपलब्ध ख्रिस्ती लेखनात देवाविषयी ‘त्रिआस’ हा ग्रीक शब्द प्रथम आढळतो तो अंत्युखियाचा बिशप थिओफिलस याच्या, इ. स. १८० च्या सुमाराच्या, ग्रंथात. सूर्यचंद्रांपूर्वीचे सृष्टीचे तीन दिवस हे देव, त्याचा शब्द व त्याचे ज्ञान यांचे प्रतीक होत, असे तो म्हणतो. आणि लगेच चौथ्या स्थानी मनुष्याला बसवतो! त्या शब्दाला पुढील काळातील सिद्धांताचा आशय अजून लाभला नव्हता, हे यावरून दिसते.

तिसऱ्या शतकाच्या आरंभी कार्थेजच्या टर्टुलियनने, पिता व पुत्र यांतील भेद नाकारणाऱ्या प्राक्सेयसचे खंडन करताना, लॅटिन ‘त्रिनितास’ हा शब्द योजून ‘तत्त्व एक, व्यक्ती तीन’ अशी मांडणी केली. निकाया (३२५) व कॉन्स्टँटिनोपल (३८१) येथील धर्मसभांनी श्रद्धेची कक्षा निश्चित केली. तरीही ऑगस्टीनने प्रांजळपणे लिहिले, की ‘तीन व्यक्ती’ असे आपण म्हणतो ते केवळ गप्प बसावे लागू नये म्हणून. आज हा इशारा आपल्यालाही लागू आहे. ‘व्यक्ती’ म्हटले की मराठी कानाला तीन स्वतंत्र माणसेच ऐकू येतात.

सेव्हिलच्या इसिदोरने (मृत्यू ६३६) ‘त्रिनितास’ या शब्दात ‘तिघांचे ऐक्य’ असा अर्थ शोधला. लॅटिन शब्दात त्याला जे शोधावे लागले, ते ‘त्रैक्य’ या आपल्या शब्दात उघडच ऐकू येते. तेव्हा वर्गातील त्या प्रश्नाला झिडकारू नये, किंवा सोय म्हणून होकारही देऊ नये. मुलांना या शब्दाची फोड करून सांगावी : मोजणी ‘त्रि’पाशी थांबते, श्रद्धा ‘ऐक्या’पर्यंत जाते.