मातोश्रींची साक्ष आणि नोंदवहीची साक्ष

ज्युबिलीच्या या अंकासाठीं वसईंतील एका जुन्या ख्रिस्ती घराण्याचा वृत्तांत लिहून द्यावा, अशी संपादकमंडळाची आज्ञा झाली व आम्हीं आनंदानें रुकार दिला. अशा लेखांची वाट मळलेली आहे. १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांकडे आली, १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं किल्ला घेतला, एवढें लिहून झालें कीं लेखक एकदम घंटेच्या देणगीदारांवर येतो! मधल्या काळांतील चुली, विहिरी व पाळणे यांविषयीं कोणी चकार शब्द काढीत नाहीं. तें सारें आपल्या मातोश्रींच्या तोंडून लिहून घ्यावें, असें आम्हीं ठरविलें. पण मातोश्री नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत, आणि गेलीं कांहीं वर्षें त्यांची स्मृति ओसरत चालली आहे.

पहिल्या दिवशीं आम्ही वही घेऊन वकिलासारखे समोर बसलों. आजोबांचा जन्म कोणत्या सालचा? लग्न कोणत्या सालीं झालें? मातोश्री प्रत्येक प्रश्नास ओशाळून हंसल्या व शेवटीं म्हणाल्या, "मला नाहीं येत, मास्तर."

विस्मृतींत नवें अगोदर जातें व जुनें मागाहून, असें रिबो नांवाच्या फ्रेंच पंडितानें १८८१ सालींच लिहून ठेवलें आहे. आमच्या घरीं त्याचा रोज प्रत्यय येतो. सकाळीं काय खाल्लें तें मातोश्रींस सांगतां येत नाहीं. पण लॅटिन लितानी सुरू करावी, तर प्रत्येक उत्तर बिनचूक! दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना मराठींत होऊं लागली, त्यास अर्धशतकाहून अधिक काळ लोटला, तरी तें पाठांतर जागचें हललेलें नाहीं.

म्हणून आम्हीं सालें सोडलीं व वस्तु पुढें केल्या. लाल लुगड्यावरून हात फिरवितांना त्यांनीं उंबराच्या पाण्याला निघालेल्या बायकांचीं नांवें सांगितलीं. सुकेळ्यांच्या वासानें त्यांचे बाबा आठवले. वाचकहो, ज्यांच्या घरीं असें माणूस आहे त्यांनीं सकाळची वेळ साधावी, आणि थकवा दिसतांच वही मिटावी.

मातोश्रींच्या काळाला साल नसतें, सण असतो. एके दिवशीं त्या म्हणाल्या, "ईस्टरचा आठवडा होता. शुक्रवार होता. बाबा भाजी घेऊन मुंबईस गेले ते रात्रीं आलेच नाहींत. बंदर फुटलें म्हणत होते." १९४४ सालचा ईस्टर ९ एप्रिलचा, आणि मुंबईच्या गोदींतील स्फोट १४ एप्रिलचा, शुक्रवारीं दुपारीं चारच्या सुमाराचा! आम्ही हर्षानें तारीख लिहीत असतां त्या पुढें म्हणाल्या, "तान्ही रडत होती. आय तिला घेईना."

"तान्ही कुठली, आय? तूंच सर्वांत धाकटी."

त्या आमच्याकडे पाहत राहिल्या व गप्प झाल्या. पुढें महिनाभर त्या दिवसाविषयीं त्यांनीं एक अक्षर काढलें नाहीं. हा अपराध सर्वस्वी आमचा.

मातोश्रींचें सारेंच खरें, असेंही नव्हे. आजोबा एडनला होते असें त्या सांगतात. एडनला होता तो शेजारी, हें त्याच्या पत्रांवरून दिसतें. म्हणून आम्ही चर्चच्या कचेरींत गेलों. बाप्तिस्म्याच्या नोंदींत धर्मपिता व धर्ममाता यांचीं नांवें लिहावीं, हा ट्रेंटच्या परिषदेचा १५६३ सालचा दंडक. आणि पुढें त्या व्यक्तीचा विवाह झाला तर तोही त्याच नोंदीच्या समासांत टिपावा, हा १९०७ च्या रोमच्या फर्मानाचा नियम. फादरांनीं १९४४ ची वही काढून दिली. फेब्रुवारींतील एका नोंदीवर मातोश्रींच्याच आईबापांचीं नांवें होतीं, मूल कन्या. समास कोरा. मृतांच्या वहींत त्याच पावसाळ्यांत तें नांव पुन्हां आढळलें. आमच्या घराण्यांत तें नांव कोणी कधीं उच्चारलेलें आम्हीं ऐकलें नव्हतें.

संध्याकाळीं जपमाळ झाल्यावर आम्हीं तें नांव मातोश्रींस सांगितलें. त्यांस आश्चर्य वाटल्याचें दिसलें नाहीं.

"निजली का ती?" त्यांनीं विचारलें.

"निजली," आम्ही म्हणालों.