नानीच्या गावावरचे रोहित

मार्चमध्ये सोलापूरहून भल्या पहाटे निघून आम्ही भिगवणजवळच्या कुंभारगावला पोहोचलो. उजनीच्या फुगवट्यात होडीतून रोहित पक्षी पाहायला आता मुंबई-पुण्याहून माणसं येतात. आम्ही सोलापूरकर उजनीचं नाव काढतो ते नळाला किती दिवसांआड पाणी येतं हे सांगताना.

होडीवाला भोई समाजाचा. बऱ्याच आत गेल्यावर त्याने इंजिन बंद केलं आणि बांबू हातात घेतला. पाणी उतरून चिखलाचं एक बेट वर आलं होतं. त्याच्या कडेला शेदोनशे रोहित, माना खाली घालून, चोच उलटी धरून गाळ गाळत होते. ‘आता बोलू नका काका,’ एवढंच तो म्हणाला.

हे पक्षी इथे खायला येतात, घरटी करायला नाही. त्यांची मोठी वसाहत कच्छच्या रणात. 1945 साली सलीम अली तिथे गेले आणि त्यांनी सुमारे पाच लाख रोहितांचा अंदाज बांधला. सलीम अलींची पक्ष्यांशी ओळख कशी झाली, हे आपल्या घरांत सांगण्यासारखं आहे. लहानपणी त्यांनी एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मग प्रश्न पडला, ही खाणं हलाल की हराम? मामा अमिरुद्दीन तय्यबजींनाही ती कुठली चिमणी ते सांगता येईना, म्हणून त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे पाठवलं. दस्तरखानावरच्या शंकेतून देशाला एवढा पक्षितज्ज्ञ मिळाला!

पण 1945 साली उजनी नव्हती. इथे भीमेकाठची गावं होती, त्यातलं एक माझ्या नानीचं माहेर. 1980 मध्ये धरण पूर्ण झालं, सुमारे 117 टीएमसी पाणी साठवणारं. माणसं उठली आणि काही वर्षांत पाखरं आली. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाण्याबाहेर येतं, त्याचे फोटो पेपरात छापून येतात. नानीच्या गावच्या कब्रस्तानाला शिखर नव्हतं. ते कधी वर येतं का, हे कळायला खूणच नाही. होडीत बसल्या बसल्या मी फातिहा पढलो, नेमकी कुठल्या दिशेला ते ठरवता आलं नाही.

सहलीच्या आनंदात एक गोष्ट विसरून चालत नाही. आपल्याला जी सफर, तो काठच्या लोकांचा रस्ता आहे. धरणाने जुन्या वाटा बुडवल्या, तेव्हापासून पैलतीरी जायला लाँच. मे 2024 मध्ये करमाळ्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळात उलटली आणि सहा जण गेले.

परतल्यावर नानीला मोबाईलवर फोटो दाखवले. गुलाबी पंखांवर तिने नजरही ठेवली नाही. बोट खालच्या पाण्यावर टेकवून विचारलं, ‘यहाँ पानी कित्ता गहरा था रे?’

बांबू टेकत होता, असं मी सांगितलं.