कुणाला अनपेक्षित?

परीक्षेचा पेपर असो की शेवटच्या ओव्हरमध्ये फिरलेली मॅच, ‘एकदम अनएक्स्पेक्टेड होतं यार’ हे आपण आता मराठीतच म्हणतो. माझी तक्रार नाही. हा शब्द आपल्या ‘अनपेक्षित’चा लांबचा भाऊच निघतो. ‘एक्स्पेक्ट’च्या लॅटिन मुळाचा अर्थ डोळे लावून वाट बघणं, ‘अपेक्षा’तही ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणं आहे. सुरुवातीचा नकार तर दोन्हीकडे एकाच प्राचीन मुळातून आलेला. जिकडे कुणाचं लक्षच नव्हतं तिथून आलं, ते अनपेक्षित.

‘अकस्मात’चं वेगळं. संस्कृतात ‘कस्मात्’ म्हणजे कशामुळे. ज्याला ‘कशामुळे’ नाही, ते अकस्मात. म्हणजे पहिला शब्द बघणाऱ्याविषयी बोलतो, दुसरा कारणाविषयी. बोलताना आपण दोन्ही एकाच पिशवीत टाकतो आणि सहसा काही बिघडत नाही. (पोलीस ठाण्यात ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद होते आणि मग चौकशी सुरू होते ती नेमकी ‘कशामुळे’ याचीच!)

हा फरक समजायला भिवंडी तालुक्यातली गणेशपुरी चांगली. तानसा नदीच्या या परिसरात आज एकही ज्वालामुखी नाही, तरी जमिनीतून कढत पाणी येतं. शेजारच्या वज्रेश्वरीची कथा सांगते, देवीने मारलेल्या राक्षसांचं ते रक्त. भूगर्भशास्त्र सांगतं, पावसाचं पाणी काळ्या कातळाच्या भेगांतून खोल उतरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि परत वर येतं. मला आवडतं ते हे की, ‘कस्मात्’ दोघांनीही विचारलंय. पहिल्यांदा कुंडात पाय बुडवणाऱ्याला ते पाणी अनपेक्षित असेल. गावकऱ्याला तेही नाही.

याच काळ्या कातळाचा पसारा पार मराठवाड्यापर्यंत जातो. तिथे किल्लारीला 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, चार वाजायच्या सुमारास, भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालं होतं. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून हजारो माणसं झोपेतच गेली.

या भूकंपाला सर्रास अनपेक्षित म्हटलं जातं. पण कुणाला अनपेक्षित? नकाशाला, हे खरं. भूकंपाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. किल्लारीच्या लोकांना मात्र 1992मध्येच धक्के जाणवले होते. पायाखाली काहीतरी हलतंय, हे त्यांना नकाशाच्या आधी ठाऊक होतं. शिवाय नुसत्या जमीन हलण्याने इतकी माणसं मरत नाहीत. ती मुख्यतः घरांखाली मेली. दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर लाकडांवर रचलेलं मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात हेच माळवद घर गार ठेवायचं, म्हणून तर लोक पिढ्यानपिढ्या ते बांधत आले. भिंती फुटल्या तसं ते सगळं वजन अंथरुणांवर आलं. यात अकस्मात असं काहीच नव्हतं.

नकाशा बदलला तो 2002 साली. त्यात किल्लारी तिसऱ्या पट्ट्यात गेली.